एअरब्रश कॉम्प्रेसर, ठाण्याच्या पावसाळ्यानंतर: पाणी ट्रॅपच्या पुढे होतं

हवेच्या दाबाने रंग फवारणारा पेनासारखा एअरब्रश आणि त्याला हवा पुरवणारा कॉम्प्रेसर: तीन लिटरची टाकी, ०.३ मिमी नोझल, डबल ॲक्शन (खटका दाबला की हवा, मागे ओढला की रंग). दिवाळीत घेतलेला हा संच मे महिन्यापर्यंत मी भेटेल त्याला घ्यायला सांगत होतो. पँथर या दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन रणगाड्याच्या १/७२ मापाच्या मॉडेलवर तीनरंगी कॅमोफ्लाज उठवायला याला तोड नाही, हे आजही म्हणेन. फेब्रुवारी १९४३ पासून जर्मन रणगाडे कारखान्यातून गडद पिवळ्या रंगात यायचे. हिरवा आणि तांबूस तपकिरी रंग पेस्टच्या रूपात मिळायचा, तो पाण्यात किंवा पेट्रोलमध्ये कालवून तुकडीच फवारायची. म्हणून पट्ट्यांच्या कडा धूसर. साध्या ब्रशने ती कड येत नाही, हात कितीही बसलेला असो. इथे १५ पीएसआयच्या आसपास दाब, दुधाइतका पातळ रंग आणि नोझल मॉडेलच्या अगदी जवळ, की कड हवी तशी विरते.

मग जून आला. घोडबंदर रोडची हवा तेव्हा इतकी दमट असते, की दाबली की पाणी सुटणारच. ते अडवायला कॉम्प्रेसरवर वॉटर ट्रॅप आहे. तो अडवत नाही! पंपातून निघालेली हवा गरम असते, ट्रॅपमधून वाफ घेऊनच पुढे जाते आणि नळीत गार झाली की तिथे पाणी होतं. टरेटवर, म्हणजे रणगाड्याच्या फिरत्या तोफ-बुरुजावर, शेवटचा हिरवा पट्टा मारताना नोझलमधून थेंब फुटला आणि तीन संध्याकाळींचं काम ओघळलं.

सेवा केंद्र म्हणालं, हवामानाचा दोष वॉरंटीत बसत नाही. अहो, ठाण्यात विकता, मग पावसाचे चार महिने कुणी मोजायचे? नुसता ट्रॅप मागितला तर नवं मॉडेल दाखवायला लागले.

शेवटी एअरब्रशच्या मुठीखाली बसणारा छोटा इनलाइन फिल्टर आणला. आटे तेच, एक अष्टमांश इंचाचे, हातानेच बसला. तीनशेच्या आत काम झालं आणि भर जुलैतही थेंब नाही. त्यामुळे मत पुन्हा बदलतोय: यंत्र चांगलं आहे, पण हजारो रुपये घेऊन ही तीनशेची वस्तू खोक्यात न देणं हा चिकटपणा मला अजून खुपतो.

टाकीखालचा ड्रेन कॉक मात्र दर वेळी काम संपल्यावर उघडा. माझ्या टाकीतून तांबूस पाणी येऊ लागलंय, म्हणजे आतून गंज धरलाय. स्वस्तातला बिनटाकीचा कॉम्प्रेसर घेऊ नका, पंपाचे धक्के थेट नळीत येतात आणि बारीक रेघ थरथरते. पैसे वाचवायचेच असतील तर जादाचं ०.२ चं नोझल सोडा. ॲक्रिलिक त्यात लगेच वाळून बसतो.