शाळेच्या निधीमेळ्याची तयार पॅकेजेस: पालकांना खरोखर परवडणारं कोणतं?

शाळेच्या निधीसाठी एखादी सेवा घेताना पालक समिती बहुधा एकच प्रश्न विचारते: एकूण किती जमतील? त्याआधी दोन गोष्टी विचारायला हव्यात. पालकाने दिलेल्या शंभरातले शाळेच्या खात्यात किती उरतात, आणि ज्या घरातली दोन-तीन मुलं याच शाळेत आहेत, त्या घराला संकोच न वाटता सहभागी व्हायला कमीत कमी किती पडतात. शाळांना विकल्या जाणाऱ्या तीन सेवा या कसोटीवर तपासल्या, तर त्यांची क्रमवारी पार बदलते.

वस्तुविक्रीचं लवकर आटपतं. कंपनी कॅटलॉग देते, मुलं नातेवाइकांकडून आणि शेजाऱ्यांकडून मागणी गोळा करतात, माल शाळेत येतो. शाळेला आधी पैसे गुंतवावे लागत नाहीत, ही जमेची बाजू. पण कंपनीचा वाटा वजा जाता विक्रीचा निम्मा भागही बऱ्याचदा शाळेकडे राहत नाही. मुलाचा कागद कोरा जायला नको म्हणून पालक स्वतःच नको असलेली वस्तू घेतात. त्याऐवजी त्यांनी निम्मी रक्कम थेट दिली असती, तरी शाळेला तेवढेच मिळाले असते. वर माल वर्गवार लावणं, फुटलेलं बदलून घेणं हे समितीच्याच गळ्यात पडतं. ही सेवा घेऊ नका.

आनंदमेळ्याच्या पॅकेजमध्ये खेळांचे स्टॉल, हवा भरलेली घसरगुंडी, ध्वनियंत्रणा, कूपनं असं सगळं येतं. ते आकर्षक आहे आणि त्यातली गणितं नीट मांडली तर चांगलं चालतं. पहिलं गणित ठोक खर्चाचं. समजा पॅकेजचे १२,००० द्यायचे आहेत (चलन कोणतंही धरा). एक कुटुंब सरासरी १०० खर्च करतं आणि त्यातले ४० बक्षिसं आणि सामानात जातात. उरले ६०. म्हणजे २०० कुटुंबं येईपर्यंत शाळेला एक दमडीही मिळत नाही. शाळेत एकूण ३०० कुटुंबं असतील, तर हे पॅकेज मोठंच ठरतं. अशा वेळी प्रवेशशुल्क वाढवायचा मोह होतो आणि तिथेच ज्यांना झेपत नाही ती घरं गळतात. खर्च कमी करायचा असेल तर घसरगुंडी आधी काढा. एका फेरीला ५ मिनिटं आणि ८ मुलं धरली, तरी तासाला ९६ मुलंच खेळतात. ४०० मुलांना एकेक फेरी द्यायला चार तासांहून जास्त लागतात. शिवाय पंखा सतत चालू ठेवावा लागतो, कायम एक मोठा माणूस उभा हवा आणि वारा वाढला की ती बंदच करावी लागते. नेम धरून रिंग टाकणं, डबे पाडणं असे खेळ मोठ्या वर्गातली मुलं स्वतः चालवतात आणि रांग भराभर सरकते.

दुसरा निर्णय कूपन की रिस्टबँड. ‘एकदाच पैसे, हवं तेवढं खेळा’ हे ऐकायला पालकांच्या सोयीचं वाटतं. प्रत्यक्षात सगळी मुलं एकाच खेळापुढे दाटतात आणि तीन भावंडांच्या घराला दारातच तिप्पट भरावे लागतात. आमचा कौल कूपनांना. प्रवेश मोफत, दहा कूपनांचं एक पान, आणि सुटी कूपनंही मिळायला हवीत. उरलेली कूपनं मेळा संपताना परत घेण्याची सोय ठेवा. वाया जाणार नाहीत हे कळलं की पालक निर्धास्तपणे घेतात. कूपनं अनुक्रमांकाची असावीत आणि रंग दर वर्षी वेगळा, नाहीतर जुनी कूपनं गल्ल्यात फिरतात. प्रत्येक विक्री-टेबलाला दिलेले पहिले व शेवटचे क्रमांक लिहून घ्या. शेवटी विकलेल्या कूपनांची किंमत, परताव्याचे पैसे आणि गल्ल्यातली रोकड जुळली पाहिजे. मोजणी नेहमी दोघांनी मिळून करायची.

सुरुवातीचा अर्धा तास सगळ्यात अवघड. एका विक्रीला एक मिनिट धरलं, तर ३० मिनिटांत १५० कुटुंबांना कूपनं द्यायला ५ टेबलं लागतात. पॅकेजवाले एक-दोनच देतात. आठवडाभर आधी शाळेत विक्री सुरू केली की हा ताण बराच उतरतो आणि सुट्या पैशांचा खोळंबाही टळतो. पॅकेजमध्ये बक्षिसांची सोडत असेल, तर स्थानिक नियम आधी तपासा. अनेक ठिकाणी तिला परवानगी लागते.

तिसरा प्रकार प्रायोजित वाचनाचा किंवा चालण्याचा. मुलं ठरलेले दिवस वाचतात, घरचे-ओळखीचे त्यासाठी रक्कम देतात, आणि सेवा ऑनलाइन पान व हिशेब पुरवते. सामान नाही, मांडव नाही, म्हणून शंभरातले सर्वांत जास्त इथेच उरतात. तरीही या पानांच्या सेटिंग्ज मुळात जास्त पैसे काढण्यासाठीच लावलेल्या असतात, त्या हाताने बदलाव्या लागतात. आधीच भरून ठेवलेली मोठी रक्कम काढून ‘कितीही’ हा पर्याय वर आणा. देणाऱ्यांची नावं, रकमा आणि मुलांची क्रमवारी लपवा. बक्षीस जमवलेल्या पैशांवर ठेवू नका; वर्गातल्या किती मुलांनी वाचन पूर्ण केलं यावर ठेवा. ‘दर पानामागे इतके’ असं वचन घेत असाल, तर कमाल मर्यादा त्याच फॉर्मवर छापा, नाहीतर वाचनवेड्या मुलाचे पालक शेवटी आकडा पाहून हबकतात आणि वसुली रखडते.

शुल्क नीट वाचा. समजा दर व्यवहाराला ३ अधिक २ टक्के आहे. २० च्या देणगीवर ३.४ जातात, म्हणजे १७ टक्के. १०० वर फक्त ५ टक्के. म्हणून भावंडांची रक्कम एकाच व्यवहारात भरता आली पाहिजे आणि छोट्या देणग्या शाळेत रोख, पावती देऊन स्वीकारल्या पाहिजेत. ‘शाळेला मोफत’ म्हणणाऱ्या काही सेवा देणाऱ्याकडून स्वतःसाठी ऐच्छिक रक्कम मागतात आणि ती आधीच भरलेली असते. पालकांना पाठवायच्या सूचनेत ती शून्य कशी करायची हे लिहा.

करारावर सही करण्याआधी तीन कलमं लेखी घ्या: पाऊस आला किंवा तारीख बदलली तर आगाऊ रकमेचं काय, जमलेले पैसे किती दिवसांत शाळेच्या खात्यात येणार, आणि उपक्रम संपल्यावर मुलांची नावं व पालकांचे फोन नंबर कधी पुसले जाणार. तिसऱ्यावर टाळाटाळ होत असेल तर दुसरी सेवा शोधा.