कूलरपुढे टिकेल ती खुर्ची: रेग्झिनची ‘बॉस’ की जाळीची?

जळगाव-धुळ्याच्या फर्निचर दुकानांत घरून काम करणाऱ्याला बऱ्याचदा आधी दाखवतात ती काळी, गुबगुबीत ‘बॉस चेअर’. दिसते रुबाबदार, पण खान्देशातल्या घरात ती नको. मे महिन्यात पारा ४५ पर्यंत जातो, पाठ घामाने भिजते आणि समोरून कूलर ओली हवा मारत असतो. ऊन, घाम आणि ओल मिळून पीयू (पॉलियुरेथेन, एक प्रकारचं प्लॅस्टिक) रेग्झिनचा वरचा थर सोडवतात. मग पापुद्रे निघून शर्टाला चिकटतात. त्याला दुरुस्ती नाही, कव्हरच बदलावं लागतं.

जाळीच्या पाठीची घ्या. बैठक मात्र फोमचीच हवी. स्वस्त जाळीच्या बैठकीला मधे झोळ पडतो आणि पुढची कडा मांडीत रुतते. फोम मोल्डेड, म्हणजे साच्यात तयार केलेला असावा, घनता ४५ ते ५० किलो प्रति घनमीटर. दुकानदाराला आकडा सांगता येत नसेल तर बैठकीवर मूठ जोरात दाबा. खालची प्लायवूडची फळी हाताला लागली, तर तो फोम लवकरच बसणार. पूर्ण टेकून बसल्यावर बैठकीची कडा आणि गुडघ्याची मागची बाजू यांत दोन-तीन बोटं जागा राहायला हवी. घरातलं टेबल साधारण ३० इंच उंच असतं. कोपर त्याच्या पातळीला येईल इतकी खुर्ची उचला. पाय अधांतरी राहिले तर खाली पाट सरकवा.

बसल्या बसल्या खुर्ची हळूहळू खाली जात असेल तर बैठकीखालच्या, उंची कमी-जास्त करणाऱ्या गॅस सिलिंडरचं सील गेलंय. ‘गॅस भरून देतो’ म्हणणाऱ्याच्या नादी लागू नका, सिलिंडर नवाच टाकायचा. तो स्क्रूने नाही, निमुळत्या टोकाने घट्ट बसलेला असतो. खुर्ची उलटी करून पाच पायांचा बेस हातोड्याने ठोकून सोडवतात. नवा आणताना जुना सोबत न्या, लांबी जुळली पाहिजे.

क्रोमचा बेस कूलरच्या ओलीने गंजतो, जाड नायलॉनचा बरा. फरशीवर कडक चाकं घसरतात, पीयूची मागा. आणि चाकांखाली प्लॅस्टिकची चटई अंथरू नका, ती गोळा होऊन चाकांत अडकते.

खुर्चीच्या हातांचे बोल्ट महिन्यातून एकदा आवळा. ढिल्या हातावर रेलत राहिलं की फळीतली टी-नट (बोल्ट जिच्यात आवळला जातो ती, फळीत ठोकलेली नट) सुटते, बोल्ट नुसताच फिरतो, आणि मग बैठकीचं कव्हर उसवल्याशिवाय ती परत बसवता येत नाही.