संत्र्याचा मध घ्यावा, मोहरीचा की जांभळाचा?

तिन्ही बाटल्यांत साधारण 80 टक्के साखराच असतात आणि उरलेलं बहुतेक पाणी. तरीही झाकण काढलं की तिघांचा वास वेगळा. हा फरक करणारी संयुगं किलोमागे काही मिलिग्रॅमच असतात, आणि जास्तीचे पैसे आपण त्यांच्यासाठीच मोजतो.

सुवासासाठी मध हवा असेल तर संत्र्याचा घ्या. लिंबूवर्गीय मधाची खूण म्हणजे मिथाइल अँथ्रानिलेट. मोगऱ्याच्या वासातही हे संयुग असतं, म्हणून या मधाला फुलांची झाक येते. विदर्भात संत्र्याच्या आंबिया बहराची फुलं हिवाळ्याच्या अखेरीस येतात, तेव्हा नवा मध उन्हाळ्याच्या तोंडावर विचारावा. हा मध उकळत्या चहात घालू नका. वासाची संयुगं उडून जातात आणि हाती नुसता गोडवा राहतो. दह्यावर किंवा फळांवर घालून खावा.

मोहरीचा मध स्वस्त आणि सहज मिळणारा. मोहरीकुळातल्या मधात गंधकयुक्त संयुगं सापडतात, त्यामुळे वास थोडा उग्र. त्यात ग्लुकोजचं प्रमाण जास्त, आणि फ्रुक्टोजच्या मानाने ग्लुकोज पाण्यात कमी विरघळतं. म्हणून हा मध लवकर थिजतो, रवाळ तुपासारखा होतो. साखरेची भेसळ समजून लोक तो परत करतात, याचं फार वाईट वाटतं. लाडू, केक, चहा यांना हाच घ्यावा.

जांभळाचा मध गडद, किंचित कडवट. महाबळेश्वरच्या बाजूला सातेरी या देशी मधमाश्यांचा मिळतो. गडद मधांत सहसा पॉलिफेनॉल (वनस्पतींतून येणारी संयुगं) आणि खनिजं अधिक असतात. सातेरीच्या मधात पाणी मात्र थोडं जास्त असल्याने तो आंबू शकतो. लहान बाटली घ्या, आंबूस वास किंवा फेस आला तर नको. मला विचाराल तर रोज चमचाभर चाटून खायला हाच.

फुलाइतकंच महत्त्व मध किती तापवला याला आहे. उष्णतेने, आणि उन्हात पडून राहिल्यानेही, सुगंध कमी होतो आणि एचएमएफ नावाचं संयुग वाढतं. भारतीय मानकात त्याची मर्यादा किलोला 80 मिलिग्रॅम आहे. तपासणी अहवाल मिळाला तर हा आकडा पाहा. जितका कमी, तितका मध ताजा आणि कमी तापवलेला. दुकानाच्या उन्हातल्या काचेमागची बाटली मी कुठल्याच फुलाची घेणार नाही.