अंधार पडला की बंद पडणारा कॅमेरा: दुरुस्ती चोख, बिल मोघम

आमचं घर रत्नागिरीजवळच्या गावात, मागे हापूसची कलमं. फळ झाडावर असताना रात्री गडग्यावरून (दगडी कुंपणावरून) कोण उतरतं ते कळावं म्हणून चार कॅमेरे लावलेत. गडग्याकडचा दिवसभर लख्ख चालायचा आणि तिन्हीसांजा झाल्या की चित्र येतंय-जातंय करून शेवटी ‘व्हिडिओ लॉस’. सकाळी पुन्हा सुरू. म्हणजे चोर येण्याची वेळ सोडून बाकी सगळा वेळ पहारा! ज्याने बसवला त्याने फोनवरच सांगून टाकलं, “कॅमेरा गेला, नवीन टाका.” न बघता. म्हणून या दुकानाला बोलावलं.

आलेला मुलगा पंचविशीचा असेल. त्याने कॅमेरा खाली उतरवला, घरात आणून डीव्हीआरला, म्हणजे रेकॉर्डिंगच्या डब्याला, हातभर वायरीने जोडला आणि त्यावर आमचा टॉवेल टाकला. अंधार झाला असं वाटून कॅमेऱ्यात टक् झालं, लाल ठिपके पेटले, चित्र काळं-पांढरं झालं आणि तसंच टिकलं. “काकू, कॅमेरा ठणठणीत आहे. वायरीत बघू.” नवा विकायची आयती संधी सोडली, तिथेच मला त्याचा भरवसा आला.

मग मीटर काढला. कॅमेरा न जोडता गडग्याकडच्या टोकाला १२ व्होल्ट. एवढं बघून ‘सप्लाय ओके’ म्हणता आलं असतं. याने कॅमेरा जोडला, पुन्हा टॉवेल टाकला आणि मोजलं: साडेआठ, की कॅमेरा बंद. रात्री इन्फ्रारेडचे दिवे लागले की कॅमेऱ्याला करंट जास्त लागतो, आणि करंट वाढला की बारीक, लांब वायरीत व्होल्टेज वाटेतच गळतं. दिवसा गळती कमी, म्हणून तेव्हा भागतं. आमच्या कॅमेऱ्याला १२ व्होल्टला २५ टक्के कमी-जास्त चालतं. ९ च्या खाली गेलं की तो मान टाकतो.

ह्यांनी सुचवलं, “एसएमपीएसचा स्क्रू फिरवून व्होल्टेज वाढव की.” (एसएमपीएस म्हणजे कॅमेऱ्यांना १२ व्होल्ट पुरवणारा डबा.) तो म्हणाला, “काका, मग पडवीतल्या कॅमेऱ्याला जवळच्या जवळ जास्त जाईल. तो जळला तर?” ह्यांना पटलं, हे विशेष.

वायर तपासली तेव्हा खरी गंमत. बाहेरून तांबूस, पण ब्लेडने खरवडल्यावर आत चंदेरी. तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम! आधीच्या बिलावर मात्र ‘कॉपर’ लिहिलेलं. त्यात फणसामागे एक जोड, नुसता पिळून काळी टेप गुंडाळलेला. टेप सोडवली तर आत पांढरी पूड. आमच्याकडचा पाऊस आणि खारा वारा, टेपेचा काय निभाव लागणार.

चित्राची केबल नीट होती, ती त्याने ठेवली. फक्त पॉवरसाठी एक स्क्वेअर एमएमची शुद्ध तांब्याची दोन तारांची वायर एसएमपीएसपासून गडग्यापर्यंत पाइपातून नेली, साठेक मीटर, मध्ये एकही जोड नाही. बीएनसी (चित्राच्या केबलची) आणि डीसी (पॉवरची) पिन प्लास्टिकच्या डबीत घातले, वायर आत घ्यायचं भोक खालच्या बाजूला ठेवलं आणि त्याआधी वायरीला झोळ दिला, म्हणजे पाणी तिथूनच ठिबकून जातं. पुन्हा टॉवेल, पुन्हा मीटर: ११. रात्री फळांचे घोसही दिसतात आता.

पडवीच्या कॅमेऱ्यात आडवे पट्टे सरकत असत, ते मी सहज दाखवले. बीएनसीचं धातूचं टोक पत्र्याखालच्या लोखंडी अँगलला टेकलं होतं. ते सुटं करून टेप लावली, पट्टे गेले. याचे वेगळे पैसे घेतले नाहीत.

आता तक्रारी. सकाळची वेळ देऊन स्वारी जेवणाच्या सुमाराला आली, फोन नाही की काही नाही. वायरीचे तुकडे खळ्यात तसेच टाकून गेला. अनवाणी फिरणाऱ्या घरात हे चालत नाही. लाइट जाऊन आली की डीव्हीआरची तारीख मागे जाते हे सांगूनही राहूनच गेलं. आतला बटन सेल संपला असणार. पण चोरी झालीच, तर चुकीच्या तारखेचं रेकॉर्डिंग घेऊन पोलिसांसमोर काय सांगायचं? आणि बिलावर नुसतं ‘मटेरियल व मजुरी’, खाली एक आकडा. मी वायर किती मीटर, दर आणि मजुरी वेगळी लिहायला सांगितली, तेव्हा मुकाट्याने लिहून दिली. आकडा वाजवी होता, मग लपवाछपवी कशाला?

पाचपैकी चार तारे. बटन सेल बसवून गेला की पाचव्याचं बघू.