मचाण की लपणगृह: कुटुंबासह धनुष्यबाणाने हरणाच्या शिकारीला जाताना

विस्कॉन्सिनमध्ये धनुष्यबाणाने हरणाची शिकार करण्याचा हंगाम सप्टेंबरच्या मध्याला उघडतो आणि जानेवारीपर्यंत चालतो. १९३४ मध्ये असा स्वतंत्र हंगाम सुरू करणारे हे अमेरिकेतील पहिले राज्य. ज्याचा परवाना हातात आहे, ज्याने एक-दोन हंगाम एकट्याने काढले आहेत आणि ज्याच्या घरचे आता ‘आम्हालाही एकदा यायचे आहे’ असे म्हणू लागले आहेत, त्याच्यासमोर पहिला प्रश्न बसण्याच्या जागेचा असतो. दोघांचे शिडीचे मचाण घ्यावे की जमिनीवर उभारायचे कापडी लपणगृह? किमतीत फारसा फरक नसल्याने तो मुद्दा येथे सोडून देतो. निर्णय सोबत्यावर अवलंबून आहे, हरणावर नाही, असे माझे मत आहे.

मचाण म्हटले की आपल्यापैकी अनेकांना बुद्धपौर्णिमेची रात्र आणि ताडोबा किंवा मेळघाटातील पाणवठा आठवतो. तेथे पायाखाली फळ्या असतात, भोवती कठडा असतो, आणि एकदा चढले की सकाळपर्यंत उतरायचे नसते. येथील शिडीचे मचाण तसे नाही. झाडाच्या खोडाला पट्ट्यांनी आवळलेली पंधरा ते अठरा फूट उंचीची लोखंडी शिडी, तिच्या टोकाला दोघांपुरते बाक आणि पाय टेकण्यापुरती जाळी, एवढाच त्याचा पसारा. सूर्योदयापूर्वीच्या काळोखात तेथे चढावे लागते आणि बहुधा सूर्यास्तानंतर उतरावे लागते. हरणाच्या शिकारीतील गंभीर अपघातांमध्ये मचाणावरून पडण्याचे प्रमाण मोठे आहे, आणि त्यांतील बरेच अपघात चढता-उतरतानाच होतात. म्हणून वर बसल्यावर हार्नेस, म्हणजे पडताना अंगाला धरून ठेवणारे पट्टे, बांधणे पुरेसे नाही. शिडीच्या कडेने वरपासून जमिनीपर्यंत सोडलेल्या दोरीला सरकत्या गाठीने प्रत्येकाचा हार्नेस जोडलेला असावा, आणि ज्या मुलाला त्याच्या मापाचा हार्नेस मिळत नाही, त्याला वर नेऊच नये.

उंचीचे फायदे खरे आहेत. हरणाची नजर सहसा वर जात नाही, माणसाचा वास काही वेळा त्याच्या डोक्यावरून निघून जातो, आणि रान दूरवर दिसते. मात्र ‘सहसा’ हा शब्द दोन माणसे बसली की कमजोर पडतो. माझी मुलगी नऊ वर्षांची असताना मी तिला प्रथम मचाणावर नेले. तिने थंडी वाजते म्हणून जाकिटाची चेन वर ओढली, एवढेच. पंचवीस यार्डांवर चालत आलेली मादी जागीच थांबली, तिने पुढचा खूर दोनदा जमिनीवर आपटला, नाकातून फुत्कार टाकला आणि पांढरी शेपटी उभारून ती निघून गेली. मुलीच्या डोळ्यांत पाणी आले, आणि तो दोष तिचा नव्हता. वर लपायला काही नसते, त्यामुळे प्रत्येक हालचाल उघडी पडते. शिवाय धनुष्याची दोरी खेचताना शिकाऱ्याचे कोपर शेजाऱ्याच्या तोंडाशी येते.

लपणगृहात हीच मुलगी पुढच्या वर्षी तीन तास बसली. आतील कापड काळे असते. मागच्या खिडक्या बंद ठेवल्या आणि आपणही काळे कपडे घातले, तर बाहेरून आतले जवळजवळ दिसत नाही. खाऊचा डबा उघडता येतो, कुजबुजता येते, आणि नोव्हेंबरमध्ये, म्हणजे नर माजावर येऊन दिवसाढवळ्या फिरू लागतात त्या थंडीच्या दिवसांत, वाऱ्यापासून आडोसा मिळतो. तिघांसाठी आत किमान सहा फूट रुंदी हवी. वास मात्र लपत नाही. मिल्कवीडची, म्हणजे आपल्या रुईच्या या चुलत बहिणीची, वाळलेली शेंग खिशात ठेवून तिच्यातील एकेक म्हातारी हवेत सोडण्याचे काम मुलाकडे द्यावे. वारा कोणीकडे वाहतो हे कळते, आणि मुलाच्या हाताला उद्योगही मिळतो.

लपणगृहाचे दोषही सांगितले पाहिजेत. ते आदल्या दिवशी उभारून चालत नाही. हरणांना त्याची सवय व्हावी म्हणून काही आठवडे आधी ते ठेवून त्यावर आसपासच्या फांद्या लावाव्या लागतात. सरकारी जमिनीवर ते रात्रभर ठेवता येते का, याचे नियम आधी पाहावेत, आणि बंदुकीच्या हंगामात तेथील लपणगृहावर सर्व बाजूंनी दिसेल असे १४४ चौरस इंच भडक नारिंगी किंवा भडक गुलाबी कापड लावणे बंधनकारक आहे. दुसरा दोष नेमबाजीचा आहे. खिडकीतून निशाणदर्शकात हरीण स्पष्ट दिसते, पण बाण त्याच्या काही इंच खालून सुटतो आणि खिडकीच्या कडेचे कापड फाडून भलतीकडे जातो. यावर उपाय एकच: घरामागच्या अंगणात, खुर्चीवर बसून, त्याच खिडकीतून सराव करावा.

बाण कोठे लागतो, या बाबतीत मात्र मी लपणगृहाला झुकते माप देतो. अठरा फुटांवरून दहा यार्डांवरील हरणावर बाण सोडला तर तो सुमारे तीस अंशांच्या उतारावर जातो आणि एकच फुप्फुस भेदले जाण्याची शक्यता वाढते. असे हरीण फार दूर जाते. जमिनीवरून, बाजूने उभ्या असलेल्या हरणावर, वीस यार्डांच्या आत सोडलेला बाण दोन्ही फुप्फुसांतून जाऊ शकतो. घरचे सोबत असताना जखमी जनावर रात्रभर शोधत फिरण्याची वेळ कोणालाच नको असते.

पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा किंवा मुलगी, उंचीची भीती नसलेला जोडीदार, दाट झुडुपांचे रान: अशा स्थितीत मचाण निवडावे. लहान मूल, गुडघे दुखणारे आईवडील किंवा पहिल्यांदाच येणारे कोणीही असेल, तर लपणगृह. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर वाढलेल्या आपल्या पिढीतील पाहुण्याला तर प्राणी मरताना पाहावा लागेल हे आधीच सांगावे, आणि त्याला नकार देण्याची मोकळीक द्यावी.

बाण लागल्यानंतर हरीण कोठे गेले हे मचाणावरून बराच वेळ दिसते, तर लपणगृहातून ते दोन-तीन सेकंदांत खिडकीच्या चौकटीबाहेर जाते. म्हणून शेवटी ते कोणत्या झाडाजवळ दिसले, हे लक्षात ठेवण्याची जबाबदारी सोबत्यावर सोपवावी. त्यानंतर किमान अर्धा तास कोणीही जागचे हलू नये. बाण पोटात लागला असण्याची शंका असेल, तर आठ-दहा तास वाट पाहावी आणि मुलांना घरी सोडून यावे. माग नीट लागला असेल, तर मुलाला पुढे चालू द्यावे. वाळक्या ओकच्या पानावरचा गव्हाएवढा लाल ठिपका त्यालाच आधी दिसतो.