वॉकीगनच्या बंदरातून कोहो सॅमन गरवायला

बाबा मालवणचे. आयुष्यभर शाळेत गणित शिकवलं, पण गावात कुणालाही विचारा, सुट्टीच्या पहाटे दांडीच्या किनाऱ्यावर गळ टाकून बसणारे गुरुजी म्हणूनच लोक त्यांना ओळखतात. आई गेल्यापासून त्यांनी गरवणं सोडलं होतं. यंदा मार्चमध्ये ते आमच्याकडे इलिनॉयला आले आणि पहिले तीन आठवडे खिडकीतून निष्पर्ण झाडं बघण्यात गेले. एका रविवारी त्यांना वॉकीगनच्या किनाऱ्यावर फिरायला नेलं. समोरचं पाणी बघून ते उभेच राहिले. मग वाकून दोन बोटं पाण्यात बुडवली, जिभेला लावली आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "गोड आसा!"

लेक मिशिगन आहेच तसं. पलीकडचा काठ दिसत नाही, लाटा फुटत असतात, पण मीठ नाही आणि समुद्राचा तो वासही नाही. उत्तर-दक्षिण लांबी सुमारे ४९० किलोमीटर, म्हणजे साधारण मालवणहून एसटीने मुंबई गाठावी तेवढी. त्या रात्रीच मी सॅमन पकडायला नेणाऱ्या बोटी शोधायला बसले.

आईवडिलांना किंवा मुलांना घेऊन असं जायचं मनात असेल त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहितेय. बोटीचं नाव देत नाही, कारण माझ्या दोन तक्रारी आहेत. शिवाय वॉकीगन, विन्थ्रॉप हार्बर आणि खुद्द शिकागोच्या बंदरांतून अशा बऱ्याच बोटी सुटतात. कुठलीही घेतलीत तरी काय विचारायचं ते कळलेलं बरं.

जायचं तर वसंतातच जा. मोठ्या माशांच्या फोटोंना भुलून बरेच जण जुलै-ऑगस्टमध्ये जातात. पण तेव्हा सॅमन थंड पाण्याच्या शोधात खोल गेलेला असतो. बोट काही मैल आत न्यावी लागते आणि गळ शिशाच्या गोळ्यांनी खूप खाली सोडावे लागतात. वसंतात सगळं उलट असतं. तळ्याचं दक्षिण टोक उथळ, तिथलं पाणी आधी कोमट होतं, म्हणून कोहो जातीचा सॅमन मार्चमध्ये इंडियानाच्या किनाऱ्याजवळ जमतो. एप्रिल-मेमध्ये तो आमच्या इलिनॉयसमोर असतो आणि मग हळूहळू विस्कॉन्सिनकडे सरकतो. हे दीड-दोन महिने तो किनाऱ्यापासून जवळ आणि पाण्याच्या अगदी वरच्या थरात फिरतो. वजन दोन-तीन पौंड, त्यामुळे दहा वर्षांचं पोर आणि चौऱ्याहत्तर वर्षांचे आजोबा दोघांनाही ओढता येतो.

आमची पहिली तारीख रद्द झाली. आदल्या संध्याकाळी कॅप्टनचा फोन आला, वारा ईशान्येचा धरलाय, उद्या बोट काढणार नाही, पैसे परत हवेत की पुढचा शनिवार? मी जरा खट्टू झाले, पण बाबा खूश. आमचा किनारा तळ्याच्या पश्चिमेला. पश्चिमेचा वारा जमिनीवरून पाण्याकडे जातो, म्हणजे आपला मतलई, त्याने काठाजवळचं पाणी शांत राहतं. ईशान्येचा वारा मात्र सगळं तळं ओलांडून येतो आणि लाटा उभ्या करतो. बाबा म्हणाले, "वारो वळाखता तोच तांडेल." तेव्हापासून घरात कॅप्टनचं नाव तांडेल पडलं. फोनवरून बोट निवडताना मी आता पहिला प्रश्न हाच विचारेन, वारा वाईट असेल तर काय करता? जो म्हणेल "बघू सकाळी", त्याच्याकडे म्हाताऱ्या माणसाला नेणार नाही.

पुढच्या शनिवारी पहाटे साडेपाचला बंदरात हजर झालो. एप्रिलचा शेवटचा आठवडा, तरी थंडी हाडात शिरणारी. घरातून निघताना अंगणात जेवढं गार वाटतं त्याच्या दुप्पट कपडे घाला. बाबांना आतून लोकरीचं, वर स्वेटर, त्यावर नवऱ्याचं बर्फातलं जाकीट, कानटोपी आणि मफलर असं सगळं चढवलं होतं, आणि त्यातलं काहीही जास्त झालं नाही. बोट साधारण तीस फुटांची. अशा बोटींवर बहुतेक कॅप्टनकडे सहा प्रवाशांपर्यंतचा कोस्ट गार्डचा परवाना असतो, सहापेक्षा जास्त माणसं असतील तर आधीच बोला. लेकासाठी त्याच्या मापाचं लाइफ जॅकेट काढून ठेवलं होतं. कॅप्टनने पट्टे स्वतः ओढून बघितले, मग दोर सोडला.

बंदराच्या तोंडाशी पाण्याचं तापमान ४४ फॅरनहाइट, म्हणजे सात सेल्सिअसच्या आत. पुढे पाण्याचा रंग थोडा गढूळ झाला आणि आकडा ४७ वर गेला. कॅप्टनने तिथेच वेग उतरवला. बाहेरचं निळं स्वच्छ पाणी दिसायला सुंदर, पण मासा या तीन अंशांच्या उबेला येतो, असं त्याने बाबांना तापमान दाखवणाऱ्या यंत्राच्या पडद्यावर बोट ठेवून दाखवलं. खाली खोली फक्त पस्तीस फूट. किनाऱ्यावरची घरं स्पष्ट दिसत होती.

आता गळांची मांडणी सांगते, कारण बाबा तीच बघण्यात रंगून गेले होते. बोट ताशी दोन-सव्वादोन मैलांनी चालत राहते आणि गळ मागून ओढले जातात. मासा वरच्या थरात असल्यामुळे बोटीच्या आवाजाने दूर पळतो. म्हणून प्रत्येक दोरीला एक छोटी तिरकी पाटी चिमट्याने अडकवतात. बोट पुढे गेली की पाण्याच्या दाबाने ती पाटी आपोआप बाजूला सरकत जाते आणि गळ बोटीपासून दूर, दोन्ही अंगांना पसरतात. गळाच्या टोकाकडे बोटाएवढी नारिंगी पत्र्याची पाती, तिला डॉजर म्हणतात. ती पाण्यात डाव्या-उजव्या अंगाला डुलते आणि तिच्या मागे वीतभर दोरीवर चकचकीत धाग्यांची इवलीशी माशी नाचते. जिवंत आमिष काही नाही. बाबांनी ती माशी तळहातावर घेतली, चष्मा कपाळावर सरकवून अगदी डोळ्यांजवळ नेली, धाग्याखालचा गळ नखाने तपासला आणि खलाशाला परत देताना मान डोलावली.

सव्वासहाला डावीकडची बाहेरची पाटी झटक्यात मागे गेली. खलाशी तरुण होता, चपळ होता, त्याने धावत दांडी काढली, झटका दिला आणि बाबांच्या हातात देताना स्वतःही धरून ठेवली. बाबांनी फक्त रीळ फिरवायचं, असा बेत. मासा आला, पण बाबांचा चेहरा उतरला. त्यांनी माझ्याकडे बघून हळूच म्हटलं, "माका करूक दे म्हण त्येका." मी कॅप्टनला सांगितलं, हे साठ वर्षं मासे गरवतायत. कॅप्टनने लगेच खलाशाला मागे घेतलं. पुढची पाटी गेली तेव्हा बाबा स्वतः उठले, पाय फाकवून उभे राहिले, दांडी उचलली. कोहो बोटीजवळ आला की गप येत नाही, तो उसळतो आणि स्वतःभोवती गरागरा फिरतो. बाबांनी घाई केली नाही. तो ओढू लागला की ढील द्यायची, थांबला की गुंडाळायचं, दांडीचं टोक कायम वर. मासा हातजाळ्यात आला तेव्हा ते हसले. आई गेल्यावर असं हसलेले मी त्यांना पहिल्यांदाच पाहिलं.

त्या कॅप्टनला मी पैकीच्या पैकी गुण देते ते यासाठी. पुढचे चार तास त्याने बाबांना गिऱ्हाईक मानलं नाही, जोडीदार मानलं. मासा ओळखायचा कसा तेही त्याने लेकाला आणि बाबांना एकत्रच शिकवलं. माशाचं तोंड उघडून खालच्या जबड्यातल्या हिरड्या दाखवल्या. कोहोची जीभ काळपट, पण दात जिथून निघतात ती हिरडी पांढरी. चिनूक सॅमनची ती हिरडीसुद्धा काळी. शेपटीवरचे काळे ठिपके कोहोला फक्त वरच्या भागात. आपल्याकडे हॉटेलात रावसाला 'इंडियन सॅमन' म्हणतात, ते मी भाषांतर करून सांगितलं तर बाबांनी आधी शेपटी बघितली, मग रावसाला मिशीसारखे धागे असतात ती जागा चाचपली आणि निकाल दिला, "हो रावस न्हय." बरोबरच आहे, रावसाचा आणि सॅमनचा काहीएक संबंध नाही.

हा मासा या तळ्यातला मूळचा नाही, हे मला तिथे कळलं. समुद्रातून कालव्यांमार्गे लॅम्प्री नावाचा रक्त शोषणारा जीव आत आला आणि त्याने इथला लेक ट्राउट हा मोठा शिकारी मासा जवळजवळ संपवला. मग एलवाइफ नावाचा, आपल्या पेडव्यांच्या नात्यातला छोटा मासा बेसुमार वाढला, कारण त्याला खायला कोणी उरलं नव्हतं. १९६७ साली मेलेल्या एलवाइफचे थर शिकागोच्या किनाऱ्यांवर साचले होते. त्याच्या आदल्याच वर्षी, १९६६ मध्ये, मिशिगन राज्याच्या मत्स्य विभागातल्या हॉवर्ड टॅनर आणि वेन टोडी यांनी एलवाइफला खाणारा मासा हवा म्हणून ओरेगॉनहून कोहोची अंडी आणवून वाढवलेली पिल्लं सोडायला सुरुवात केली होती. आजही कोहो मुख्यतः हॅचरीत, म्हणजे मत्स्यबीज केंद्रात, वाढवूनच सोडतात. बाबा गणिताचे मास्तर, त्यांनी लगेच विचारलं, पेडवे संपले तर? कॅप्टन गंभीर झाला. शेजारच्या लेक ह्युरॉनमध्ये या शतकाच्या सुरुवातीला तेच झालं, एलवाइफ कोसळला आणि पाठोपाठ चिनूकही. म्हणून इथे किती पिल्लं सोडायची याचा हिशेब आता फार जपून करतात. एका माणसाला दिवसाला पाच मासे ही मर्यादा मला त्या दिवसापासून वेगळी दिसायला लागली. आम्ही पाच तासांत अकरा कोहो, एक स्टीलहेड (ट्राउटचाच एक प्रकार) आणि एक लेक ट्राउट पकडला. लेक ट्राउट सोडून दिला.

आता तक्रारी. बोटीवर खाली छोटा संडास आहे असं सांगितलं होतं. होता, पण दाराला कडी लागत नव्हती. पुरुषांना हे किरकोळ वाटेल. मला आणि वयस्कर माणसाला नाही वाटत. बाबांसाठी नवरा दार धरून उभा राहिला, माझ्यासाठीही. फोनवर एवढं विचारून घ्या.

दुसरी तक्रार मला जास्त लागली. परतल्यावर धक्क्यावर मासे साफ करून देतात, ते दरात धरलेलं होतं. खलाशाचा हात सुरेख चालत होता, मी पाण्याच्या बाटल्या गाडीत ठेवून येईपर्यंत त्याने दोन्ही बाजूंचे काप काढून पिशव्या भरल्याही होत्या. आणि डोकी कचऱ्याच्या पिंपात. बाबा पिंपाकडे बघत उभे होते. "टकलां खंय गेली?" त्यांना इंग्रजीत सांगता येईना आणि खलाशाला काय झालंय ते कळेना. इथे डोकं कोणी नेत नाही, हे मला माहीत आहे. पण टाकण्याआधी एकदा विचारायला काय हरकत होती? शेवटचे दोन मासे कापायचे बाकी होते, त्यांची डोकी तेवढी मिळाली.

खाण्याबाबत एक गोष्ट मनावर घ्या. या तळ्यातल्या माशांच्या चरबीत पीसीबी नावाची जुन्या कारखान्यांची घातक रसायनं साठतात, आणि मोठ्या, म्हाताऱ्या माशांत ती जास्त. कोणता मासा किती वेळा खावा याचा सल्ला राज्य सरकार प्रसिद्ध करतं, गरोदर बायका आणि लहान मुलांसाठी तो विशेष काटेकोर असतो, वाचूनच जा. कातडी, पोटाकडची चरबी आणि कुशीतली काळपट पट्टी काढून टाकायची, आणि तळण्यापेक्षा जाळीवर भाजायचं, म्हणजे चरबी गळून जाते. मी आगळ, हळद, मिरचीपूड लावून तासभर ठेवले आणि भाजले. मांस फिकट नारिंगी, दुकानातल्या सॅमनपेक्षा हलकं आणि कमी तेलकट. नारळाच्या आमटीत घातलेला एक काप मात्र विरघळून गेला, तो प्रयोग करू नका. डोक्यांचं तिरफळ घालून सार केलं ते फक्त बाबांनी आणि मी खाल्लं, लेकाला दिलं नाही. बाबांनी वाटी पुसून खाल्ली.

खर्च सांगते. चौघांचे पाच तासांचे ६५० डॉलर, वर खलाशाला वीस टक्के बक्षिशी. दांड्या, गळ, बर्फ त्यांचा. परवाने आपले आपण काढायचे. माझ्या आणि नवऱ्याच्या वार्षिक परवान्यावर लेक मिशिगनचा सॅमन स्टॅम्प वेगळा घ्यावा लागला, बाबांना एका दिवसाचा काढला, सोळा वर्षांखालच्या मुलांना लागत नाही. पैसे थोडे नाहीत. पण मित्रमंडळींनी सहा जणांत वाटून घेतले तर परवडतं, आणि वसंताचे हे दिवस मेच्या मध्यानंतर आमच्या बाजूला हळूहळू ओसरतात, तेव्हा ठरवायचं तर लवकर ठरवा.

बाबांचं परतीचं तिकीट ऑगस्टचं आहे. त्याच कॅप्टनकडे मेच्या दुसऱ्या शनिवारचं बुकिंग केलंय. या वेळी फोनवर दोनच गोष्टी सांगितल्या, दाराला कडी लावून घ्या आणि सगळी डोकी आम्हाला द्या. त्याने दोन्ही लिहून घेतल्या. बाबा काल दुपारी दुकानातून नारिंगी धागा घेऊन आलेत आणि गॅलरीत बसून स्वतःच्या हाताने माशी बांधतायत.