पुरातत्त्व खात्याचा दाखला, फक्त ₹18,500

बाबांची खेळण्यातली आगगाडी विकायला गेले आणि फसवणुकीत एकूण ₹56,249 गेले. आकडा आधीच सांगून टाकते, म्हणजे "किती गं गेले?" विचारणाऱ्यांची सोय होईल.

वाटणीत भावांना फ्लॅट आणि गाळा मिळाला, मला बाबांची आगगाडी. हॉर्नबी डब्लो, चावीचं इंजिन, तीन वाघिणी, रूळ, सगळं मूळच्या निळ्या खोक्यांत. लिव्हरपूलच्या मेकॅनो कंपनीने ही मालिका 1938 मध्ये काढली. महायुद्धानंतर पुन्हा आली ती फक्त विजेवर चालणारी, त्यामुळे चावीच्या इंजिनाला शौकिनांत मान आहे. हे मला माहीत होतं. 'जुनं खेळणं विकणे आहे' अशी जाहिरात नव्हती टाकली मी.

जाहिरात पडल्या पडल्या 'लंडनचे संग्राहक' हजर. ₹3,85,000 देतो म्हणाले, घासाघीस नाही. पुढचं तुम्हाला ठाऊकच आहे. आधी नोंदणीचे ₹4,999, मग गाडी देशाबाहेर न्यायला पुरातत्त्व खात्याच्या ना हरकत दाखल्याचे ₹18,500, मग विम्याचे ₹32,750. सगळं म्हणे परत मिळणार.

पण त्या माणसाने चाकांबद्दल एक अक्षर विचारलं नाही, हे आठवलं की अजून डोकं फिरतं. त्या काळच्या जस्ताच्या ओतीव भागांत शिशाची भेसळ राहिली असेल तर धातू आतून फुगतो, तडकतो, शेवटी हातात भुगा येतो. खरा शौकीन आधी चाकांचे जवळून फोटो मागेल, मग खोक्यांचे, मग पुन्हा रंग दिलाय का ते खोदून विचारेल. (देऊ नका. पॉलिशही नको, फाटलेल्या खोक्याला चिकटपट्टीही नको. किंमत उतरते.) यांचा प्रश्न काय, तर "मॅडम, यूपीआय आहे ना?" लंडनहून!

आणि तो दाखला. पुरावस्तूंबद्दलचा 1972 चा कायदा साधारण 100 वर्षं झालेल्या वस्तूला पुरावस्तू मानतो. 1938 नंतरच्या गाडीला कसला दाखला? खरंच पुरावस्तू असती तर खाजगी माणसाला ती देशाबाहेर पाठवताच आली नसती. हे सगळं मी नंतर वाचलं. तेव्हा समोर पीडीएफ होती, त्यावर अशोकस्तंभ, गोल शिक्का, सही. तुम्ही तरी काय केलं असतं? हसणं सोपं असतं.

बँकेत गेले तर "पिन तुम्हीच टाकलात ना?" हे एकच पालुपद. पोलीस ठाण्यात आधी साहेब जेवायला गेलेले. मग कळलं की पैसे गेले ते खातं परराज्यातलं, "आमच्या हद्दीत येत नाही." भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 प्रमाणे गुन्हा कुठेही घडलेला असो, माहिती नोंदवून घ्यावी लागते, हे मी त्यांना सांगायचं? सांगितलं. त्यावर "ताई, खेळण्यातली गाडी, पावणेचार लाखांची?" म्हणत त्यांनी शेजारच्या हवालदारालाही ऐकायला बोलावलं. अर्ज घेतला, पोच द्यायला शिक्का सापडेना. पुढच्या खेपेला ते साहेब बदलून गेलेले, नवीन साहेबांना पहिल्यापासून गोष्ट सांगा. चोराने निदान मॅडम तरी म्हटलं होतं.

पैसे गेल्या गेल्या 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा, खात्यात असेल तेवढी रक्कम अडवता येते. मी आधी भावाला केला. तो तासभर अक्कल शिकवत बसला, तेवढ्यात खातं रिकामं. पैसे यायला यूपीआयचा पिन लागत नाही, फक्त जायला लागतो. आणि भाव बघायचा तर लिलावात प्रत्यक्ष विकल्या गेलेल्या गाड्यांचा बघा. जाहिरातीत मागायला कोणी काहीही मागतं.

गाडी माझ्याकडेच आहे. पण तिचे मी काढलेले फोटो आता दुसऱ्याच नावाने, ₹40,000 ला विकायला लागलेत, आगाऊ रक्कम ₹5,000. तक्रारीचं बटण दाबून दमले, जाहिरात जागची हलत नाही. हिरव्या सतरंजीवर ठेवलेलं, डाव्या बफरचा (टोकाच्या धक्के झेलणाऱ्या दांड्याचा) रंग उडालेलं इंजिन दिसलं तर एक रुपयाही पाठवू नका.